एस्तेरवहिनींशेजारची जागा

रिबेकाचा फोन आला तेव्हा मी दुकानात काटेरी तारेचं भेंडोळं सोडवत होतो. समोर गिऱ्हाईक घाई करत होतं, हातात पक्कड होती, म्हणून फोन खांद्याला दाबून धरला आणि "बोल गं पोरी," म्हणालो. ती म्हणाली, "आप्पाकाका, बाबा गेले... आत्ताच. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले ते टेकलेच." मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं विचारलं. "काका, जागेचं... बाबा तुम्हाला हो म्हणाले होते ना?"

बाप जाऊन घटकाही झाली नाही आणि लेक जागेचं विचारते, हे ऐकून कुणाच्याही कपाळाला आठी पडेल. माझ्या नाही पडली. गेली काही वर्षं बाप, लेक आणि मी, आमच्या तिघांत जे काही रुसवेफुगवे झाले ते त्या एका जागेवरून. मास्तरला त्याच्या बायकोच्या, म्हणजे एस्तेरवहिनींच्या शेजारी माती मिळणार की नाही, एवढाच प्रश्न होता. तो सुटला कसा हे फक्त मला ठाऊक होतं. "म्हणाला होता, पोरी," मी म्हणालो, "तू काळजी करू नको, मी निघालोच." मग पक्कड खाली ठेवली आणि गिऱ्हाईकासमोरच रडलो. ते बिचारं तार न घेताच गेलं.

परळीत शांतवन मास्तर म्हटलं की निम्मं गाव अजून कान चोळतं, कारण निम्म्या गावाला त्यानं गणित शिकवलंय. माझा तो शाळेतला सोबती. दुकानात चार माणसं असली की मी त्याला मास्तर म्हणे, नसली की शांत्या. तो मला आप्पा म्हणे, आणि चिडला की "आप्प्या, गप बे." आम्ही लिंगायत, लोखंडी सामानाचे पिढीजात व्यापारी; तो ख्रिस्ती, चर्चच्या मंडळीतला पंच. रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी तो दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसायचा, थर्मल वीजकेंद्राच्या राखेचे टिप्पर धुरळा उडवत जायचे, आणि मी त्याला प्रश्न विचारायचो. मला ही खोड लहानपणापासून आहे. कोण कुठं चाललं, कावून चाललं, पिशवीत काय आहे, हे कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. बायको म्हणते, तुम्ही व्यापारी कशाला झालात, फौजदार व्हायचं होतं. असा मी, आणि मास्तर असा की हातातलं काढून कुणालाही द्यायचा आणि का दिलं म्हणून विचारलं तर "प्रभूला ठाऊक," एवढंच म्हणायचा. "प्रभूला ठाऊक असंल बे, पर मला ठाऊक न्हाई ना!" असं मी किती वेळा ओरडलो असेन. तो नुसता हसायचा.

त्याच्या देण्याचा पहिला फटका मला बसला तो कोंबडीच्या रूपानं. पिकं घरात आली की त्यांच्या चर्चमध्ये सुगीची उपासना असते. ज्याच्याकडं जे पिकलं, जे वाढलं, ते आणून पुढं ठेवायचं. ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, लोणच्याची बरणी, काहीही. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि येईल ते मंडळीच्या कामाला जातं. लिलाव म्हटल्यावर व्यापाऱ्याचा पाय घरात ठरतो का? मी गेलो. आपली खोड आपल्याला सोडत नाही, म्हणून आधी सगळा माल निरखून बघितला. बऱ्याच भोपळ्यांची एक बाजू दबलेली होती. त्यात नवल नाही. घरात दोन भोपळे असले तर माणूस देवासाठी कुठला उचलतो, हे दुकानदाराला सांगायला लागत नाही. मास्तरनं मात्र कोंबडी आणली होती. तांबडी, तुरेदार, रोज अंडं देणारी. वहिनींनी पिलापासून वाढवलेली, आणि रिबेकाची जीव की प्राण. पोर तेव्हा लहान होती. वहिनींच्या पदरात तोंड घालून ती हुंदके देत होती, आणि बाप पहिल्या रांगेत भजन म्हणत होता.

मला राहवलं नाही. लिलावात मी इरेला पेटलो, कोंबडी सोडवली आणि तशीच नेऊन रिबेकाच्या मांडीवर ठेवली. पोरीचं तोंड असं फुललं म्हणता... तेवढ्यात मास्तर आला. त्यानं कोंबडी अलगद उचलली आणि माझ्या हातात दिली. "दिलेलं परत घरात घ्यायचं न्हाई, आप्पा." मी म्हणालो, "अरे, तू दिलीस, मी घेतली, आता मी देतोय, हिशोब मिटला की!" तो म्हणाला, "मग दुसऱ्या कुणाला दे." दुसरं कोण घेणार? सगळे हसत उभे. शेवटी परळीतल्या एका कट्टर शाकाहारी लिंगायताच्या घरी भर दुपारी काखेत कोंबडी आली. आमच्या कलावतीनं कपाळावर हात मारला. "शिव शिव शिव! अहो, बाजाराला गेलतात का पागल झालात?" कोंबडी मग गोदामात राहिली. पत्र्यांच्या चळतीमागं अंडी घालायची. मास्तर ती अंडीही घेईना, म्हणून आमचे हमाल चांगले धष्टपुष्ट झाले. शाळा सुटली की रिबेका गोदामात यायची आणि तांबडीशी गप्पा मारत बसायची. बापाशी तेवढे दिवस तिनं अबोला धरला होता.

हे सगळं मी हसत हसत सांगतो, पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. हा माणूस द्यायला कुणाला ऐकत नाही, आणि घ्यायला याला कुणी राजी करू शकत नाही. पुढं त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, एकदा दुकानात खिळे घ्यायला आले तेव्हा त्यांनीही असंच सांगितलं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी त्यांच्यात पाय धुण्याचा विधी असतो. प्रभूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची आठवण. खुर्च्या मांडतात, मंडळीतली माणसं चपला काढून बसतात आणि पाळक नि पंच खाली बसून त्यांचे पाय धुतात, पुसतात. मास्तरचा टॉवेल आणि बादली ठरलेली. ज्यांना त्यानं वर्गात अंगठे धरून उभं केलं होतं त्यांच्याही टाचा तो घासून घासून धुवायचा. "दरवर्षी मी सांगतो, सर, आज तुम्ही खुर्चीवर बसा," पाळकसाहेब म्हणाले. "दरवर्षी म्हणतात, पुढच्या वर्षी." मी संध्याकाळी मास्तरला छेडलं. "कावून बसत न्हाईस बे खुर्चीवर?" म्हणाला, "गुदगुल्या होतात."

एस्तेरवहिनी पुढं आजारी पडल्या त्या दुखण्यातून उठल्याच नाहीत. फार गोड बाई. माझ्या चौकशा त्यांना आवडायच्या. मी काही विचारलं की त्या सगळं सविस्तर सांगायच्या, वर आपल्या पदरचं थोडं घालायच्या. त्यांचं कब्रस्तान गावाबाहेर, आमच्या शेताला लागून आहे. मधे कंबरेएवढी दगडी भिंत. वहिनींना त्या भिंतीलगतच ठेवलं. त्यांच्या मंडळीत रीत आहे की नवरा-बायकोतलं एक गेलं की शेजारची जागा दुसऱ्यासाठी राखायची. कोपऱ्यांना दगड ठेवले की झालं, त्याला कुणी हात लावत नाही. माती लोटून झाली, माणसं पांगली, तरी मास्तर तिथंच उभा. मी जवळ गेलो. त्यानं दगडांच्या मधल्या रिकाम्या जमिनीकडं बोट केलं आणि म्हणाला, "ही माझी." उभ्या आयुष्यात त्याच्या तोंडून 'माझं' हा शब्द मी ऐकला तो त्या जागेबद्दल. मग दर रविवारी उपासना झाली की तो घरून बादलीभर पाणी घेऊन यायचा, कबरीवर साचलेली थर्मलची राख धुवायचा आणि आपल्या जागेवर मांडी घालून बसायचा. मला शेतातून दिसायचा. काय बोलायचा वहिनींशी, हे मात्र मी विचारलं नाही. मलाही काही मर्यादा आहेत.

आणि ही एवढी एक 'माझी' म्हटलेली जागा त्यानं देऊन टाकली.

साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. दुपारी मास्तर दुकानात आला, बाकड्यावर न बसता सरळ आत. "आप्पा, एक कुदळ दे. आणि चल." वाटेत त्यानं सांगितलं. ऊसतोडीला आलेली नंदुरबारकडची एक तरणी बाई फडात साप चावून गेली होती. ती आणि नवरा दोघंही ख्रिस्ती. गाव कुठल्या कुठं, इतक्या लांब नेणार कसं, म्हणून मुकादमानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून थेट कब्रस्तानात आणलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ट्रॉली फाटकाशी उभी, वर गोधडीत गुंडाळलेला देह, आणि खाली नवरा चाकाला धरून बसलेला. पंचमंडळी कडुनिंबाखाली जमली होती. कब्रस्तान भरलेलं. मोकळी होती ती नुसती राखलेली ठिकाणं. कुणाच्या आईची, कुणाच्या बापाची, कुणाची स्वतःची. वाईट कुणीच नव्हतं तिथं. पण प्रत्येक जण जमिनीकडं बघत होता आणि बघताना ज्याची त्याची नजर ज्याच्या त्याच्या दगडांवर जाऊन थांबत होती. पाळकसाहेब म्हणाले, नगरपालिकेकडं विचारू, आणखी कुठं सोय होते का बघू. मास्तर म्हणाला, "माझी हाय की."

नुसतं एवढंच. आवाज न चढवता, वर्गात हजेरी घ्यावी तसं. एक जण म्हणाला, "सर, तुमची म्हणजे एस्तेरबाईंच्या..." मास्तर म्हणाला, "हो. तीच." आणि सदऱ्याच्या बाह्या सारून स्वतःच पहिली कुदळ मारली. मी भिंतीवर बसून बघत होतो. खरं सांगतो, मला कौतुक वाटलं नाही. मला राग आला. त्या बाईचा नाही, तिचा जीव गेला होता. या येड्याचा आला. परत येताना मी म्हणालो, "लई मोठा दानशूर झालास बे. आता तू कुठं जाणार?" तो म्हणाला, "कुठंबी. मेलेल्याला काय कळतंय?" मी म्हणालो, "मग तिला तरी काय कळत होतं? तिला ठेवायचं कुठंबी." यावर तो चालायचा थांबला. "तिला न्हाई कळणार. तिच्या नवऱ्याला कळलं असतं, आप्पा. मेलेल्या बायकोला घेऊन तो दारोदार हिंडला असता." तरी माझा राग काही गेला नाही.

रिबेका तेव्हा पुण्याला असायची, ती आली ती तणतणतच. माझ्यासमोरच झालं सगळं. "बाबा, माझी कोंबडी दिलीत, मी लहान होते, चालून गेलं. पण आईच्या शेजारची जागा तुमची एकट्याची होती का? तिला एकटीला तिथं ठेवलंय आपण. तुम्ही याल म्हणून ठेवलंय. तिला विचारलंत?" मास्तर म्हणाला, "तिला विचारलं असतं तर तिनं माझ्या आधी दिली असती." रिबेका म्हणाली, "हे तुम्ही म्हणताय. आई कुठं म्हणाली?" याचं उत्तर मला आजवर सुचलेलं नाही. देणारा देतो तेव्हा तो नुसतं स्वतःचंच देतो का, की घरच्यांचंही थोडं त्यांना न विचारता देऊन बसतो? हे मी त्याला बाकड्यावर फिरून फिरून विचारलं. एकदा वैतागून म्हणाला, "आप्पा, तू प्रभूपेक्षा जास्त प्रश्न विचारतोस." पण एकदा मात्र मी थेट विचारलं, "पस्तावलास का?" "दर रविवारी पस्तावतो," म्हणाला. "पाणी घेऊन जातो, आणि बसायला जागा न्हाई. उभ्यानंच परत येतो... पर उद्या पुन्हा ट्रॉली आली तर पुन्हा तेच करीन. दोन्ही खरं हाय."

पुढच्या हंगामाला त्या बाईचा नवरा चुन्याची पिशवी घेऊन आला. आपल्या बायकोची कबर त्यानं पांढरीशुभ्र केली आणि न विचारता वहिनींचीही केली. मास्तरनं त्याला घरी नेऊन जेवू घातलं. रिबेकाला हे फोनवर कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "दोन्ही कबरी?" आणि तिचा आवाज जरा मऊ झाला. पण जागेचं दुखणं काही मिटलं नव्हतं.

मग मास्तरच्या छातीच्या दुखण्यानं डोकं वर काढलं. दहा पावलं चालला की धाप लागायची. डॉक्टरनं रिबेकाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, आणि माझं डोकं चालू झालं. भिंतीच्या या बाजूला शेत आमचं. तो बांध आमच्या घरासाठी राखलेला, कारण लिंगायतांत जाळत नाहीत, आम्हीही पुरतोच. माझ्या बाबांची समाधी तिथंच आहे. वहिनींच्या बरोबर पलीकडं, भिंतीला लागून, एक माणूस आरामात मावेल एवढी जागा मोकळी होती. ती मी माझ्यासाठी धरली होती. मधे फक्त भिंत. नगरपालिकेत आणि इतर कुठं काय विचारावं लागतं ते माझ्या थोरल्या पोरानं विचारून घेतलं. घरात कलावतीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापता थापता थांबली. "मामंजींनी ज्याला पायरीवर बसवलं, त्याला तुम्ही त्यांच्याजवळ झोपवणार?" मी म्हणालो, "हो." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मग वाट कशाची बघता? त्याला धड श्वास घेता येत न्हाई, जाऊन सांगा."

ती पायरी काय होती ते सांगायला हवं. बाबा माझे देव होते, पण जे होतं ते होतं. शांतवन शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आमच्या घरी आला की पायरीवर. त्याचा कप वेगळा, बाहेरच्या कोनाड्यात उपडा घातलेला. तो मास्तर झाला, बाबांची नातवंडं त्याच्याकडं गणित शिकली, तरी बाबा असेतो तो उंबऱ्याच्या आत आला नाही. बाबा त्याच्याशी प्रेमानं बोलायचे, त्याच्या बापाची विचारपूस करायचे, आणि तो पाय जवळ घेऊन पायरीवर बसून त्या कपातून चहा प्यायचा. बाबा गेल्यावर कलावतीनं तो कप फोडला आणि त्याला स्वयंपाकघरात पाटावर बसवून जेवू घातलं. तेव्हाही तो पाय पोटाशी घेऊनच बसला होता.

मी त्याला रिक्षात घालून शेतात नेलं, भिंतीशी खुर्ची टाकून बसवलं आणि सांगितलं, ही जागा तुझी. तो भिंतीपलीकडं वहिनींच्या कबरीकडं बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. तरी म्हणाला, "नको, आप्पा. ती तुझी हाय." माझं टाळकं सरकलं. "शांत्या, उभ्या जन्मात कुणाचं काही घेतलंस का रे तू? कोंबडी न्हाई, अंडी न्हाई. दरवर्षी गावाचे पाय धुतोस, तुझे कधी कुणाला धुऊ दिलेस? देणारा मोठा असतो आणि घेणारा छोटा, आन् तुला छोटं व्हायचं न्हाई, खरं का न्हाई? याला तुमच्यात नम्रपणा म्हणतात?" आजारी माणसाला मी बोलून गेलो खरा. तो हसला, मग खोकला, मग हसला. "आमचे पाळक सतरा वर्षं हेच सांगायला बघतायत," म्हणाला, "तू एका दमात सांगितलंस."

पण तेवढ्यानं तो हो म्हणाला नाही. मी खोदून विचारलं तेव्हा खरं कारण बाहेर आलं. "आमच्यात पाय पूर्वेला करतात, आप्पा. पूर्वेला तुझे वडील." मला आधी हसूच आलं. लिंगायतांत मेलेल्याला बसवून पुरतात, म्हणजे बाबा तिथं बसलेले. तो म्हणाला, "त्यांच्यासमोर मी आडवा पडू? पाय त्यांच्या तोंडाकडं करून?" तो चेष्टा करत नव्हता. माझं हसू जागच्या जागी विरलं. मी विचारलं, आणि माझ्या सगळ्या चौकशांमध्ये खरा विचारण्यासारखा प्रश्न हाच होता: "शांत्या, हा तुझा नम्रपणा हाय का भ्या हाय?"

लांब टिप्पर चालले होते, त्यांचा आवाज येत होता... मग तो म्हणाला, "खरं सांगू? मलाबी कळत न्हाई. जन्मभर मी खाली बसलो. काही वेळा प्रभूसाठी बसलो. काही वेळा तुझ्या बापासाठी. आतून दोन्हीत लई फरक हाय, मला ठाऊक हाय. एकात बसलो की हलकं वाटायचं. दुसऱ्यात जड व्हायचं. पर बाहेरून बघणाऱ्याला बसलेला माणूस दोन्ही वेळा सारखाच दिसतो. पुढं पुढं माझं मलाच ओळखू येईना, आज कुणासाठी बसलोय ते." मी त्याच्या खुर्चीशेजारी मातीत बसलो. माझी पँट खराब झाली म्हणून तो ओरडला. मी उठलो नाही. थोड्या वेळानं त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं काहीतरी मागितलं. "दे," म्हणाला.

त्या वर्षी उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी मास्तर खुर्चीवर बसला. मी मुद्दाम बघायला गेलतो. पाळकसाहेबांनी पाय हातात घेतले तेव्हा तो आक्रसला, खरंच गुदगुल्या होत असाव्यात, पण त्यानं पाय मागं ओढले नाहीत. डोळे गच्च मिटून घेतले होते.

त्याला माती दिली त्या दिवशी दोन्ही बाजूंची माणसं आली. भिंतीच्या त्या बाजूला मंडळी भजन म्हणत होती, या बाजूला आमचे भाऊबंद टोप्या काढून उभे होते. काही जण आले नाहीत, तेही मला ठाऊक आहे, आणि का आले नाहीत तेही. पेटी खाली सोडायच्या आधी पाळकसाहेब माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आप्पा, तुमच्या वडिलांची समाधी समोर येते. तुमच्या मनाला लागत असेल तर आपण डोकं पूर्वेला करू. प्रभूला काही फरक पडत नाही." भला माणूस. रिबेका माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "त्याच्या रीतीप्रमाणंच ठेवा."

दर सोमवारी मी बाबांच्या समाधीवर बेल वाहायला जातो, तसा आताही जातो. रिबेका परत पुण्याला गेली, जाताना भिंतीवरून वाकून दोन्हीकडं फुलं ठेवून गेली. अलीकडं मास्तर, पलीकडं वहिनी, त्यांच्या पलीकडं नंदुरबारची ती पोर. माझी जागा कुठं, हे थोरला विचारतो, बघू म्हणतो. बेल वाहून झाला की मी थोडा वेळ तिथंच थांबतो. बाबांना काय वाटत असेल, हे विचारायची फार इच्छा होते, पण ते बोलत नाहीत. ते आपले बसलेले आहेत. आणि त्यांच्या समोर शांतवन पाय पसरून झोपलाय.